कमावलेल्या कातड्याच्या रंगाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. चपलेसाठी घेतलेले कातडे घरीच काळे कसे करावे, असे तू विचारले आहेस. दुकानातून रंगाचा डबा आणण्यापूर्वी ते कातडे कशाने कमावले आहे, हे आधी पाहा. कारण कोणता रंग त्यात मुरेल, हे बरेचसे तिथेच ठरलेले असते.

कोल्हापुरी चपलेसाठी म्हशीचे किंवा बैलाचे कातडे चुन्यात भिजवून, केस काढून, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. जुनी रीत अशी, की कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे, त्यात साल, हिरडा व पाणी भरायचे आणि खाली झिरपलेले पाणी पुन्हा वर ओतत राहायचे. सालीतील टॅनिन हे तुरट द्रव्य तंतूंत मुरले, की कातडे कुजत नाही. बाभळीमुळे त्याला तांबूस आणि हिरड्यामुळे पिवळसर झाक येते. ही विद्या ढोर आणि चर्मकार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांना दूर ठेवणाऱ्या समाजाने कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा अभिमान मिरवताना तेवढे तरी स्मरावे, असे मला मनापासून वाटते.

आता काळ्या रंगाकडे वळतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांपासून जशी काळी शाई होते, तसेच येथे घडते. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस उघड्या भांड्यात मुरवून ते पाणी गाळून घे आणि फडक्याने पातळ हात दे; टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन कातडे पाहता पाहता काळे पडते. हा रंग वरचा थर नसल्यामुळे पोपडे धरत नाही. मात्र लोह जास्त झाले तर कातडे कडक होऊन तडकते, म्हणून आधी त्याच कातड्याच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहा, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने आंबटपणा काढून टाक. कापलेली कड निळसर राखाडी दिसली, तर ते सालीऐवजी क्रोमने (क्रोमियम धातूच्या क्षारांनी) कमावलेले आहे. त्यावर ही कृती लागू पडणार नाही.

किंचित ओल असतानाच तेलाचा हलका हात फिरव, सावलीत वाळव, आणि ओलसर केलेल्या कडा गुळगुळीत लाकडाने घासून चकचकीत कर.

माझे मत विचारशील, तर बाभळीचे कातडे रंगवूच नये. ऊन आणि तेल यांनी ते आपोआप गडद होत जाते, आणि तो रंग मला कोणत्याही काळ्यापेक्षा अधिक आवडतो. तरीही काळेच हवे असेल, तर कातड्याचा एक तुकडा मला पाठव. कड पाहून कळवतो.

तुझा स्नेहांकित मित्र