हँगरच्या करारातली ती दुसरी ओळ

माननीय संपादक,
स. न.

छोट्या खासगी विमानांच्या खर्चावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विमा त्यात एका वाक्यात उरकला आहे. चार आसनांचे एकइंजिनी विमान मी नऊ वर्षे सांभाळतो आहे, म्हणून लिहितो.

हँगर, म्हणजे विमान ठेवण्याची शेड, भाड्याने देणारा विमानतळावरचा व्यावसायिक करारात बहुधा एक कलम घालतो: तुमच्या पॉलिसीत आमचे नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून लावा. मागणी रास्त आहे. माझे विमान दुसऱ्याच्या विमानाला घासले आणि त्या मालकाने माझ्याबरोबर हँगरवाल्यालाही दाव्यात ओढले, तर त्याचा बचाव माझ्या विमा कंपनीने करावा. चूक माझी, भुर्दंड त्याला कशाला?

पण खाली दुसरी ओळ होती आणि ती न वाचताच मी सही केली. त्या ओळीने माझ्या विमा कंपनीचा हँगरवाल्याविरुद्धचा सबरोगेशनचा हक्क, म्हणजे मला भरपाई देऊन ती रक्कम दोषी माणसाकडून वसूल करण्याचा हक्क, सोडून दिला होता. पुढे हँगरच्याच माणसाने ट्रॅक्टरने विमान आत ढकलताना डाव्या पंखाचे टोक दाराच्या चौकटीवर आपटले. बाहेरून नुसता पोचा, उघडल्यावर आतली रिब, म्हणजे पंखाच्या सांगाड्यातली फासळी, वाकलेली. तीन महिने विमान जमिनीवर. कंपनीचा पहिला प्रश्न होता, ‘आम्हाला न विचारता सही कशी केलीत?’ उत्तर नव्हते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पैसे मिळाले, पण दावा माझ्या खात्यावर चढला. ताब्यातल्या विमानांच्या अशाच नुकसानीसाठी हँगरवाल्याचा स्वतःचा विमा होता. त्याला झळही लागली नाही. याचा राग मला अजून आहे.

आणखी एक. नाव वाढले म्हणून दायित्वाची मर्यादा वाढत नाही. त्याच रकमेत दोघे वाटेकरी होतात. आणि एजंटने पाठवलेले प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसीतला बदल नव्हे. एंडोर्समेंट, म्हणजे कंपनीने पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद, हातात पडली पाहिजे.

यंदा नूतनीकरणाआधी कराराचा मसुदा मी ब्रोकरला दाखवला. ‘अतिरिक्त विमाधारक’ कलमात ‘फक्त या विमानाच्या मालकाने केलेल्या वापरातून उद्भवणाऱ्या दायित्वापुरते’ असे शब्द त्याने सुचवले आणि दुसरी ओळ खोडली. हँगरवाल्याने दोन दिवसांत मान्य केले. इतके सोपे होते, हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितले नाही. पुरवणीच्या पुढच्या भागात एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक विमानमालक