पेट्रोलवरचा कर घ्या, पण त्यातला एक रुपया बसला द्या

संपादक महोदय,

‘पेट्रोल जीएसटीत आणा, भाव आपोआप उतरतील’ अशी पत्रे वाचकांच्या स्तंभात वरचेवर दिसतात. मागणी लोकप्रिय आहे, पण पुरी होण्यातली नाही. 2017 मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा केंद्र आणि राज्ये दोघांनीही ही दुभती गाय आपापल्या गोठ्यातच ठेवली. महाराष्ट्र पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, घेतो, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. केंद्राचा अबकारी कर वेगळा; तो मे 2022 मध्ये 8 रुपयांनी उतरला आणि एप्रिल 2025 मध्ये 2 रुपयांनी पुन्हा चढला. माझे म्हणणे निराळे आहे, आणि ते बऱ्याच जणांना रुचणार नाही. कर राहू द्या. पण तो जातो कुठे, हे विचारा.

इंधन महाग झाले की लोक गाडी कमी काढतील, असे कराच्या समर्थनार्थ सांगितले जाते. नागपुरात हे लागू पडत नाही. दक्षिणेकडच्या मानेवाडा, बेसा, हुडकेश्वरचा माणूस बर्डीवर, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीत, कामाला गाडीनेच येतो, कारण दुसऱ्या कशाचा भरवसा नाही. मेट्रो उत्तम आहे, मीही वापरतो. पण ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या तिच्या दोन्ही मार्गिकांवर आमच्या वस्त्या येत नाहीत. मंजूर झालेला 43.8 किलोमीटरचा दुसरा टप्पाही कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरकडेच वळतो. उरली महापालिकेची शहर बससेवा, ‘आपली बस’. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या घरात असताना, शेड नसलेल्या थांब्यावर तिची वाट पाहत एकदा उभे राहून बघावे. मग ‘सार्वजनिक वाहतूक वापरा’ असा उपदेश करायचा धीर होणार नाही. या माणसासाठी पेट्रोल आणखी वीस रुपयांनी चढले तरी तो गाडीच काढेल आणि काटकसर घरखर्चात करेल. म्हणजे कराने सवय काही मोडत नाही, फक्त खिसा हलका होतो.

कराचा पैसा एखाद्या कामासाठी राखून ठेवता येत नाही, असे सरकारने सांगू नये. 2015 साली दुष्काळासाठी म्हणून राज्याने पेट्रोलवर लिटरमागे 2 रुपये जादा लावले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकाने बंद झाली, महसूल बुडाला आणि तो भरून काढायला आणखी 3 रुपये आले. आयुष्यात थेंबही न घेतलेल्याने दारूची तूट पेट्रोलपंपावर भरली! एवढे जमते, तर सध्याच्या 5 रुपये 12 पैशांतला फक्त 1 रुपया ज्या शहरात पेट्रोल विकले गेले त्या शहराच्या बससेवेसाठी बाजूला काढणे का जमू नये? यात नवा कर नाही, पंपावरचा भाव पैशानेही वाढत नाही.

रस्त्यांसाठी मात्र पैसा आधीच बांधलेला आहे. केंद्राच्या अबकारी करात रस्ते व पायाभूत सुविधांचा वेगळा उपकर असतो. त्याबद्दल तक्रार नाही. वर्धा रोडवरचा दुमजली पूल झाला, ऑक्टोबर 2024 मध्ये कामठी रोडवरचा 5.67 किलोमीटरचा झाला, इंदोरा-दिघोरीचे काम चालू आहे. अभिमान वाटावा अशीच कामे आहेत. पण पूल झाला की त्याच्या दोन्ही टोकांच्या चौकांत कोंडी का वाढते, हे एखाद्या अभियंत्याने लिहावे. आणि पुलाखाली उतरणाऱ्याला चालायला फूटपाथ कुठे आहे, हेही.

इलेक्ट्रिक गाड्यांचे कौतुक चालते. धूर कमी होतो, हे खरेच. पण चौकात ती गाडीही तेवढीच जागा अडवते. शिवाय पेट्रोल न भरणारा इंधनकरही भरत नाही. सगळा भार जुन्या दुचाकीवाल्यावर येतो. राज्याने 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर सुचवला आणि लगेच मागेही घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत साध्या सायकलीवर 12 टक्के जीएसटी होता, इलेक्ट्रिक मोटारीवर 5. आता दोन्हीवर 5 आहे, एवढेच समाधान.

त्या एका रुपयातून काय व्हावे, तेही सांगतो. आधी दक्षिण नागपुरातून सीताबर्डी मेट्रो स्थानकापर्यंत ठरलेल्या वेळेला सुटणाऱ्या बसा, सकाळी आणि संध्याकाळी तरी थोड्या थोड्या वेळाने. मग थांब्यांवर सावली आणि पिण्याचे पाणी. नव्या बसा इलेक्ट्रिक घ्या, पण आधी त्या वेळेवर सोडा.

हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. इथल्या एखाद्या आमदाराने अतारांकित प्रश्न टाकावा: मागच्या आर्थिक वर्षात नागपूर शहरातल्या पंपांवरून पेट्रोल-डिझेलचा किती व्हॅट जमा झाला, आणि शहर बससेवेसाठी राज्याने त्यातले किती परत दिले? अशा प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. ते आले की आपण पहिल्या पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर