हॉर्न स्पीकर निवडायला मदत करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे आभाराचं पत्र मुद्दाम उघड लिहितोय. हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्यातून आवाज फेकणारा स्पीकर, घ्यायचं मनात असलेल्या कुणालाही तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा डोक्यात क्लिपशॉर्नच होता. पॉल क्लिप्श यांनी 1946 साली आर्कान्सातल्या होप गावी कंपनी काढून बनवायला घेतलेला, आजही बनत असलेला तो भला मोठा स्पीकर. तुम्ही लगेच हो-नाही केलं नाहीत. मोजपट्टी घेऊन घरी आलात, कोपरे पाहिलेत. एका कोपऱ्यात गॅलरीचं दार. मग शांतपणे समजावलंत, की 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी भरते जवळपास 7 मीटर, आणि असा खर्ज फेकायला हॉर्नचं तोंडही तसंच अवाढव्य लागतं. क्लिप्श यांनी हॉर्नच्या घड्या घालून तो पेटीत बसवला आणि उरलेलं काम कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि जमिनीवर सोपवलं. जुन्या क्लिपशॉर्नला सलग भिंती मिळाल्या नाहीत तर खर्ज पातळ पडतो. एवढं नीट मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही सुचवलात त्याच कंपनीचा लहान स्पीकर हेरसी, 1957 पासूनचा. मध्य आणि वरच्या पट्टीला हॉर्न, खालच्याला साधा 12 इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. अगदी खालचा खर्ज यातून मिळणार नाही, हेही आधीच बजावलंत. पण माझा अँप 300बी नावाच्या काचेच्या व्हॉल्व्हचा, जेमतेम 8 वॉटचा. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात: माझे आधीचे स्पीकर एका वॉटला 87 डेसिबल द्यायचे, हेरसीच्या अलीकडच्या आवृत्त्या कंपनीच्या आकड्यानुसार 99. फरक 12 डेसिबलचा, म्हणजे सोळापट शक्तीचा. तेवढ्याच आवाजासाठी जुन्या जोडीला 128 वॉट लागले असते.

तरी आकड्यांवर तुम्ही मला सोडलं नाहीत, याचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. आपल्याला तोंडपाठ असलेला गळा लाव, म्हणालात. वाईट हॉर्नमध्ये स्वर नाकात जातो, तो आधी पकड. मग किशोरीताईंचा आलाप लावलात, तोही अगदी हळू आवाजात. तानपुऱ्याची प्रत्येक तार वेगळी कळत होती. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तानेत आवाज चढला तरी काठ कुठे फाटला नाही. तेवढ्याच आवाजासाठी हॉर्नमागचा पडदा फारच कमी हलतो, म्हणून ही सफाई येते, हे तुमच्याकडूनच कळलं. माझ्या मते आपल्या गायकीला याहून योग्य स्पीकर नाही.

हेरसीची वापरलेली जोडी मिळाल्यावर क्रॉसओव्हरमधले (वरच्या-खालच्या पट्ट्या वेगळ्या करणाऱ्या सर्किटमधले) थकलेले कपॅसिटर तुम्ही स्वतः बदललेत. गाणं बंद ठेवून ट्वीटरला, म्हणजे वरच्या पट्टीच्या स्पीकरला, कान लावायला सांगितलंत, कारण इतक्या संवेदनशील स्पीकरमध्ये अँपची बारीकशी घरघरही ऐकू येते. ती येत होती. अर्थिंगची वायर तुम्हीच शोधलीत. स्पीकर कोपऱ्याकडे सरकवून खर्ज थोडा भरून काढलात आणि रात्री उशिरा घरी गेलात.

काका, या सगळ्यात तुमचा एका पैचा फायदा नव्हता. कपॅसिटरचे पैसेसुद्धा तुम्ही अजून घेतलेले नाहीत. ते घ्यायला तरी काकूंना घेऊन एखाद्या रविवारी या. आईनं जेवायलाच बोलावलंय.

आपला,
एक ऋणी श्रोता