कुडाळचं फियाट इंजिन घेण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आपल्या फियाटसाठी बघितलेल्या कुडाळच्या जुन्या इंजिनाचा तुम्ही पाठवलेला व्हिडिओ हेडफोन लावून नीट ऐकला. विकणारा म्हणतो तसा हा नुसता टॅपेटचा आवाज मला वाटत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, वरच्या झाकणाखालून हलकं टकटकतं आणि ॲक्सिलरेटर दिला तरी जड होत नाही. इथे दणका खालून येतोय. रेस केली की तो वाढतो आणि सोडताना क्षणभर खडखडतो. मला बिगएंडचा संशय आहे. म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला (खालच्या फिरत्या दांड्याला) धरतो तिथलं बेअरिंग. व्हिडिओवरून शिक्कामोर्तब करता येत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी पुढच्या गोष्टी तिथे उभं राहून करून घ्या.

गेल्यावर आधी ब्लॉकला (इंजिनाच्या लोखंडी धडाला) हात लावा. गरम लागला तर त्याने आधीच चालवून ठेवलंय. मग चहा घ्या, गार होऊ द्या. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपवतं. डिपस्टिक काढून ऑइल बोटांत चोळा. या इंजिनाला 20डब्ल्यू-50 पुरतं. त्याहून बरंच चिकट, गिअर ऑइलसारखं लागलं तर आवाज दाबायला घातलंय असं समजा.

इंजिन सुरू असताना एकेका प्लगची वायर रबरी मूठ असलेल्या पक्कडने काढा आणि पुन्हा लावा. (बाबा, हे त्यांच्या मेकॅनिकला करू दे, तुम्ही फक्त ऐका.) ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर दणका कमी होतो, त्याच रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण जाळ बंद झाला की त्या रॉडवरचा भार उतरतो. अशा एकेक करून चारही वायर काढून आवाजात फरक पडला नाही तर मग टॅपेट किंवा पुढची टायमिंग चेन. पाणी फिरवायची सोय नसेल तर अर्ध्या मिनिटावर चालवू देऊ नका. हेड, म्हणजे ब्लॉकवर बसतो तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, लगेच वाकतं.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. गिअरबॉक्स आणि स्टार्टर जोडलेले आहेत, त्यामुळे अडचण नाही. चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. आई, तू वहीत चारही आकडे सिलिंडरच्या क्रमाने लिही, पुलीच्या बाजूने एक ते चार. 120 ते 140 पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ असतील तर उत्तम. एखादा बाकीच्यांपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सारखेच पडले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालंय.

व्हॉल्व्हचं वेगळं सांगते, कारण हे इंजिन मुंबईच्या टॅक्सीतून आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. पद्मिनी (म्हणजे आपल्याकडे बनलेली फियाटच) टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली, आणि त्याआधीची अनेक वर्षं त्या टॅक्स्या सीएनजीवर धावल्या. कोरड्या गॅसने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटचं अंतर कमी होत जातं आणि मेकॅनिक स्क्रू मागे घेत राहतो. वरचं झाकण उघडून एक्झॉस्टचे चार स्क्रू बघा. लॉकनटच्या वर आटे इनटेकपेक्षा बरेच जास्त दिसत असतील तर सीट बदलाव्या लागतील.

ऑइल भरायच्या टोपीखाली पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका. आपल्या दमट हवेत, थोडंच चालणाऱ्या इंजिनाला ती धरते. पण डिपस्टिकवरचं ऑइलच ताकासारखं झालं असेल तर पाणी आत जातंय. थर्मोस्टॅटची टोपी काढून हेडमधल्या पाण्याच्या वाटा टॉर्चने बघा. किनाऱ्यावर कूलंट न घालता विहिरीचं, कधी मचूळ पाणी भरतात. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असलं की असं पाणी हेड खातं. गॅस्केट बसते त्या कडेपर्यंत खड्डे गेले असतील तर ते हेड आपल्या कामाचं नाही.

विकणारा तयार असेल तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून घ्या. त्याची गॅस्केट नवी पडेल, ती आपल्या पैशाने. तळाला चंदेरी चुरा म्हणजे बेअरिंगचा वरचा थर, तांबूस चुरा म्हणजे तोही संपलाय. रॉड धरून वर-खाली हलवा. आडवा थोडा खेळ चालतो, उभा अजिबात नाही. संशयाच्या रॉडची कॅप सोडली तर बेअरिंगच्या पाठीवर 10, 20, 30 असा आकडा असतो, म्हणजे क्रँक आधी इंचाच्या किती हजारांशांनी घासलाय ते. काही नसेल किंवा 10 असेल तर क्रँक घासून घ्यायला जागा आहे. 30 दिसला तर मी तो क्रँक घेणार नाही. जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंग बसतं त्या जागेवर) नखाला अडकणारी रेघ असेल तर घासावंच लागतं.

आता खरं म्हणजे हे इंजिन आपल्याला कशासाठी हवंय ते धरून भाव करा. आपल्या गाडीचं हेड गेलंय, ब्लॉक नाही. आपला ब्लॉक 20 वर (बोअर तेवढे हजारांश मोठा केलेला) आहे, एकदा आणखी बोअर करता येईल, आणि आरसीवर नंबर त्याचाच आहे. दुसरा ब्लॉक बसवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे तो बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो, आणि या माणसाकडे मूळ गाडीची कागदपत्रं नाहीत. म्हणून त्याचं हेड, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर आणि चांगला निघाला तर क्रँक, एवढ्याचाच भाव. ‘चालू इंजिन’ म्हणून सांगितलेला भाव मला मान्य नाही. तरीही त्याच्या ब्लॉकच्या नंबरसकट बिल घ्या. आणि आपला जुना ब्लॉक कुणी कितीही मागितला तरी भंगारात देऊ नका.

घेतलंच तर चेन पुलीने टेम्पोत चढवा. बाबा, हात लावायचा नाही. मांगरात (शेडमध्ये) जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर ठेवा. प्रत्येक प्लगच्या भोकात दोन चमचे ऑइल सोडून प्लग परत लावा, कार्ब्युरेटरचं आणि एक्झॉस्टचं तोंड कापडाने बंद करा. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि पावसाळ्यात रिंगा भिंतींना चिकटतात. जुनी सुती चादर पुरे. आठवड्यातून एकदा पुलीच्या नटाला पाना लावून सव्वा फेरा फिरवायचा, म्हणजे रिंगा कायम एकाच जागी राहत नाहीत.

हेड मी फोंडा घाटाने कोल्हापूरला उद्यमनगरात नेईन. तिथे सरळपट्टी ठेवून 0.10 मिमीची फिलर पात शिरते का बघू, शिरली तर प्लेन करू, म्हणजे घासून सपाट करू. कार्ब्युरेटर आणि पेट्रोल पंपाचे रबरी भाग नवेच घालायचे, जुनं रबर आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला टिकत नाही.

आई, चार आकडे लिहून झाले की वहीचं पान फोटो काढून पाठव, आणि मी फोन करेपर्यंत बाबांना टोकन देऊ देऊ नकोस.

तुमची,
सुमा