सुधीरला पत्र: झगडा नेमका कशाशी आहे?

खानापूर

प्रिय सुधीर,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं आणि आपण ख्रिस्ती उरलोय की नाही हेच कळेना, असं तू लिहिलंस. वाचून काळजी वाटली, पण आश्चर्य नाही वाटलं. तू मेथडिस्ट मंडळीत वाढलास, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला तारणाची खात्री मिळाली, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण 4 जानेवारी 1739 ला, म्हणजे जेमतेम सात महिन्यांनी, त्याच वेस्लीने रोजनिशीत लिहिलं की मी आज ख्रिस्ती नाही, प्रीती, शांती, आनंद ही फळं माझ्यात नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो ब्रिस्टलला उघड्या मैदानावर उपदेश करू लागला. तेव्हा आपण ख्रिस्ती नाही असं वाटणं हा काही निकाल नव्हे रे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्या झगड्यांना एकच औषध लावू नकोस. थकवा, मोह, दोषारोप, कोरडेपणा, शंका या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मंडळ्यांत कशालाही "अजून प्रार्थना कर, उपास कर" हेच सांगतात, आणि तिथेच माणूस आणखी खचतो.

तुझ्या बाबतीत मला पहिला संशय थकव्याचा आहे. गळीत हंगाम सुरू आहे, रात्रपाळी आहे, दिवसा घरात झोप लागत नाही. बायबलमधलं 1 राजे 19 उघड. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलाय. देवदूत त्याला एक शब्दही उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. "इथे काय करतोस?" हा प्रश्न नंतर येतो, होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून हंगाम संपेपर्यंत उपास बंद ठेव. पाळीवरून आलास की आधी जेव, खिडकीला जाड चादर लाव, सहा-सात तास झोप, आणि प्रार्थना उठल्यावर कर, दहाच मिनिटं. पाळीवरून येऊन डोळे मिटत असताना गुडघ्यावर बसायचं, डुलकी लागली की स्वतःला पापी म्हणायचं, हे थांबव. ती डुलकी पाप नाही.

दोषारोपावर जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रात तोच जास्त दिसला. प्रकटीकरणाच्या 12 व्या अध्यायात सैतानाला बंधूंना दोष देणारा म्हटलंय. पवित्र आत्माही पापाची जाणीव करून देतो. मग दोन्ही आवाज ओळखायचे कसे? एक कागद घे आणि हे वाक्य पूर्ण करून बघ: "मी अमुक दिवशी, अमुक माणसाशी, अमुक केलं." वाक्य पूर्ण झालं, तर ती खरी जाणीव. ते देवाजवळ कबूल कर (1 योहान 1:9), आणि भरपाई करण्यासारखं असेल तर कर. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं, तू निदान घेतलेले पैसे परत दे, किंवा तोंडाने क्षमा माग. मग कागद फाडून टाक. वाक्य पूर्ण झालं नाही, फक्त "मी वाईटच आहे, देव मला कंटाळलाय" एवढंच उरलं, तर तो आरोप आहे. त्यात कृत्य नाही, तारीख नाही, बाहेर पडायची वाट नाही. त्याला कबुली देऊ नकोस. रोम 8:1 (ख्रिस्त येशूत असलेल्यांना दंडाज्ञा नाही) मोठ्याने म्हण आणि उठून कामाला लाग. लोक नेमकं इथे चुकतात: एकच जुनं पाप रोज रात्री कबूल करत राहतात. पहिल्या दिवशी ती कबुली असते, महिन्याभराने तो क्षमेवरचा अविश्वास झालेला असतो. 2 करिंथ 7:10 मध्ये पौल दोन प्रकारची दुःखं सांगतो, ते बारकाईने वाच. एकाने माणूस देवाकडे वळतो, दुसरं मरणाकडे नेतं.

मोहाचं थोडक्यात. तो ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी येतो, बहुतेक भूक, राग, एकटेपणा किंवा जागरण असताना. आठवडाभर वेळ लिहून ठेव, तुलाच दिसेल. मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लाव. योसेफ पोटीफराच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. रानात मोहात पाडू पाहणाऱ्या सैतानाला येशूने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 6 व्या आणि 8 व्या अध्यायातली होती, म्हणजे आधीपासून पाठ असलेली. तूही तीनच वचनं पाठ कर, पण अशी की झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील.

आता त्या भिंतीचं, म्हणजे प्रार्थनेतल्या कोरडेपणाचं. याला विलापाची स्तोत्रं. 13 वं घे, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनमध्ये "कोठवर?" असं चार वेळा विचारलंय, पुढच्या दोनमध्ये मागणं, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. याच क्रमाने वहीत स्वतःचं स्तोत्र लिही: देवाला हाक, तक्रार, मागणं, भरवसा. तक्रारीला निम्मं पान दे. आपण चौथ्या पायरीवर उडी मारतो, कारण देवाकडे तक्रार करणं उद्धटपणा वाटतो, आणि मग प्रार्थना खोटी वाटू लागते. भरवसा लिहवत नसेल तर ती जागा मोकळी सोड. 88 व्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि हे मराठीत लिही. रविवारी तू कन्नड उपासनेत बसतोस, "कर्तने" (हे प्रभो) म्हणत हात जोडतोस, ते छानच आहे. पण रडगाणं आईच्या भाषेतच खरं निघतं.

शंका असतील तर त्यांची यादी करून पाळकांकडे जा. आजारी मुलाला घेऊन आलेल्या, "माझा अविश्वास घालवून टाका" म्हणणाऱ्या बापाला येशूने हाकललं नाही.

एकटा मात्र लढू नकोस. वेस्लीच्या वर्गसभा 1742 मध्ये ब्रिस्टलला सुरू झाल्या त्या प्रार्थनाघराचं कर्ज फेडायला. बारा-बारा जणांचा गट, दर आठवड्याला माणशी एक पेनी. पैसे गोळा करायला घरोघर गेल्यावर कोण कशात अडकलंय ते दिसू लागलं, आणि त्यातूनच एकमेकांच्या जिवाची विचारपूस सुरू झाली. तुला बारा नकोत, दोघं पुरे. वयाने थोडा मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा माणूस निवड. अर्धा तास, आठवड्याचा ठरलेला वार, प्रश्न एकच: या आठवड्यात कुठे पडलास, कुठे तरलास? उपदेश नको. आणि प्रार्थनेची विनंती म्हणून तुझी गोष्ट गावभर करणाऱ्याला काही सांगू नकोस.

वहिनींच्या माहेरचे तुला कुठल्या सुटकेच्या, म्हणजे सैतान काढायच्या, सभेला नेणार म्हणतात, त्याबद्दल स्पष्ट लिहितो. जिथे आधी पैशाचं पाकीट मागतात, चारचौघांत पाप वदवून घेतात किंवा औषध बंद करायला लावतात, तिथे पाऊल टाकू नकोस. सैतानाला अडवायला (याकोब 4:7) पावती लागत नाही. तुझ्या बीपीच्या गोळ्या चालू ठेव.

आणि हे टाळू नकोस: दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक गेली, कशातच मन लागेना, किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरकडे जायचं. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिमहान्स. रात्री-बेरात्री 14416 वर टेली-मानसला फोन लागतो, फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. मरणाचे विचार आले तर दोन आठवडे थांबूही नकोस, त्याच क्षणी वहिनींना उठव, मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

बुधवारी तुझी सुट्टी असते ना? दुपारी निपाणीला येतो. वही काढून ठेव. लिहिलं असशील तेवढंच वाचू, नसेल लिहिलं तर 13 वं स्तोत्र दोघं मिळून म्हणू. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विनय

ता. क. कामावरच्या त्या मुकादमाशी झालेलं भांडण तू दोनच ओळींत उरकलंस. कागदावरचं पहिलं वाक्य तिथून सुरू करून बघ.