टिंकरिंग लॅबमधल्या प्रिंटरला खरं काम द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबबद्दल, म्हणजे पोरांनी हाताने वस्तू बनवत शिकायच्या प्रयोगशाळांबद्दल लिहायचंय. सहावी ते बारावीच्या पोरांसाठी सरकार एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान देतं, त्यात प्लास्टिकचे थर एकावर एक रचून वस्तू बनवणारा थ्रीडी प्रिंटरही येतो. पण आमच्या भागातल्या एका शाळेत बघितलं तर त्यावर पाहुण्यांच्या नावाच्या की-चेन आणि नेटवरून उतरवलेल्या मूर्ती निघतायत, बाकी वर्षभर मशीनवर कव्हर. मी पुण्याजवळ भोसरीत टूलरूममध्ये (कारखान्यांचे साचे, हत्यारं बनतात तिथे) डिझाईनला आहे, मला हे खरंच बघवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पोरांना तयार फाइल देऊ नका, वस्तू मोजून पार्ट स्वतः काढायला लावा, आणि त्यासाठी छोट्या ड्रोनच्या माउंटइतकं (ड्रोनवर जीपीएस, कॅमेरा बसवायचा आधार) चांगलं काम मला तरी दुसरं दिसत नाही. माप चुकलं की पार्ट बसतच नाही, तपासायला सर लागत नाहीत.

माझा भाचा नववीत आहे, त्याला ड्रोनवर जीपीएस बसवायचा होता. आता जीपीएसमध्ये कंपास असेल तर तो बॅटरीच्या जाड वायरींपासून लांब ठेवावा लागतो, करंटच्या मॅग्नेटिक फील्डने रीडिंग बिघडतं, आणि फ्रेम कार्बन फायबरची, ती सिग्नल अडवते, म्हणजे वर मोकळ्या जागी स्टँड हवा. पोरगं बारीक माप घ्यायचा व्हर्नियर घेऊन बसलं, फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग केलं, एम३ म्हणजे ३ मिमी जाडीच्या स्क्रूला बरोबर ३ मिमीचं भोक ठेवलं तर स्क्रू जाईना, कारण प्रिंटमध्ये भोक थोडं लहानच येतं, मग ३.३ केलं आणि बसलं. स्टँडचा दांडा उभा छापला होता तो पहिल्याच लँडिंगला थराच्या रेषेवर कटकन तुटला, तोच आडवा झोपवून छापल्यावर टिकला. टॉलरन्स (मापात किती फरक चालतो) काय आणि ताकद कुठल्या दिशेला, हे आमच्याकडे नवीन डिप्लोमावाल्यांना समजवायला किती वेळ जातो ते मला विचारा!

मटेरियलचंही तसंच. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, एप्रिलमध्ये पुण्यात उन्हात लावलेल्या गाडीत ठेवला तर वाकडा होणारच. कॅमेरा, अँटेनाच्या माउंटला टीपीयू हे रबरासारखं प्लास्टिक बरं, लवचिक असल्याने आपटलं तरी झेलतो, पण पावसाळ्यात तो हवेतला ओलावा धरतो आणि प्रिंटरच्या नॉझलमधून तडतड आवाज येऊन दोरे सुटतात, प्लास्टिकच्या तारेचा स्पूल ओलावा शोषणारं सिलिका जेल टाकून बंद डब्यातच ठेवायचा. आणि वजन! २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं ड्रोन नॅनो गटात, ते उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून माउंटचा एकेक ग्रॅम मोजावा लागतो. (लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा, कुठे उडवायला परवानगी आहे ते दाखवणारा नकाशा बघायची सवयही लॅबमध्येच लावावी.)

हे काही बाहेरून आणायला नको. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली आपल्याच जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला, पोरांनी हाताने काम करत शिकावं म्हणून, आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर वस्तू बनवायची कार्यशाळा) आली, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. मग शहरातल्या शाळांना काय अडचण आहे?

लॅब शनिवारी दुपारी उघडी ठेवा, दोन पोरांत एक व्हर्नियर द्या, स्क्रू आणि वायरी तापकीर गल्लीत मिळतात. शिकवायला भोसरी-चिंचवडचे रिटायर झालेले टूलरूमवाले काका आहेत, बोलावलंत तर नक्की येतील. मी पण येईन. ज्या शाळा तयार असतील त्यांची माहिती तुमच्या पुरवणीत छापावी ही विनंती.

– एक वाचक, भोसरी