जर्मनीला निघण्याआधी

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

तुझं जर्मनीला यायचं नक्की झालं, छान झालं. निघण्याआधी लॅपटॉपवरचं सगळं कोडचं काम गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) कमिट करून, म्हणजे नोंदवून, सर्व्हरवर पुश कर. गिट स्टॅशमध्ये, म्हणजे अर्धवट बदल बाजूला ठेवायच्या जागेत, ठेवलेलं पुशबरोबर जात नाही, ते लॅपटॉपवरच राहतं, आणि लॅपटॉप गेला की तेही गेलं. एन्व्ह फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज आणि गुप्त किल्ल्यांची फाइल, गिटमध्ये नसते, नसावीच. त्यातल्या किल्ल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये टाक. टू-फॅक्टर लॉगिनचे (दुहेरी पडताळणीचे) बॅकअप कोड कागदावर लिहून घे. बँकेच्या ओटीपीसाठी सिमचं रोमिंग जळगावातूनच चालू कर.

खरी गंमत घड्याळाची आहे. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ, त्यामुळे प्रोग्रॅममधली वेळेची चूक घरी बसून सापडत नाही. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनचे थेट तीन वाजतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे पुन्हा दोन. म्हणजे अडीचला लावलेला क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मार्चात राहून जाऊ शकतो, ऑक्टोबरात दोनदा चालू शकतो. जॉब बिलं काढणारा असेल तर गिऱ्हाइकाला दोन बिलं! असे जॉब यूटीसीवर, म्हणजे वर्षभर न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर लाव.

पण 'सगळं यूटीसीत ठेवा' हा सल्ला अर्धाच खरा. घडून गेलेल्या गोष्टीची वेळ यूटीसीत ठेवावी. पुढच्या मीटिंगची मात्र स्थानिक वेळ आणि 'युरोप/बर्लिन' हे झोनचं नाव, दोन्ही साठव. नुसतं 'अधिक एक', म्हणजे यूटीसीच्या एक तास पुढे, असं लिहिलंस तर उन्हाळ्यात तासाचा घोळ होणारच. इथले सकाळचे साडेनऊ म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचा एक, हिवाळ्यात दोन. टेस्ट लिहिताना त्या दोन रविवारांच्या तारखा मुद्दाम घाल.

वीज दोन्हीकडे 230 व्होल्टचीच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. आपल्या जाड तीन पिनांसाठी अडॅप्टर तेवढा घे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेव, 100 वॅट-अवरच्या आतली. 20,000 एमएएचची 74 वॅट-अवर भरते, चालते.

मायला सांग, तूप आणि पेढे भरू नको. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. कळण्याचं पीठ चालेल. आणि रावेरची केळीसुद्धा! आंब्याला इथे रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला मागतात. केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन या पाचांना तो लागत नाही. फक्त कच्चीच घे, मुंबईपर्यंतच्या उकाड्यात पिकलेल्यांचा चिखल होतो.

नानांना नमस्कार.

तुझा,
दादा